घोडीसाठी रडलेल्या बाया

सुखीबाईला रडता येत नाही, ही गोष्ट धावजीनाईक तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. तांड्यातल्या जुन्या बाया भेटल्या की रडत, निरोप देताना रडत, मयताला तर रडतच. हे रडणं म्हणजे नुसतं आसवं गाळणं नव्हे. दोघीजणी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून खाली बसतात. एक ओळ एकीनं सुरात म्हणायची, श्वास घ्यायचा, पुढची ओळ दुसरीनं उचलायची. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याचं खाणंपिणं, त्याची चप्पल, त्याची काठी, सगळं त्या रडण्यात ओवायचं. नवरी निघते तेव्हाच्या रडण्याला ढावलो म्हणतात, आणि जिला ढावलो येत नाही तिला आईनं काही शिकवलंच नाही असं समजतात.

सुखीबाई स्वतःच्या लग्नात गप्प बसून होती. नवरा वारला तेव्हा भिंतीला टेकून ती आल्यागेल्याला चहाचं विचारत होती. लेकीची पाठवणी झाली तेव्हा बायांनी तिला ढकलून लेकीजवळ बसवलं, तर तिनं लेकीच्या गळ्यात हात टाकले आणि तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी शेजारच्या हंसाबाईनं तिच्या जागी रडून वेळ मारून नेली. "हिच्या डोळ्याचा झरा पहिल्यापासूनच आटेल हाय," असं हंसाबाई नंतर सांगत फिरली. सुखीबाईनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. बाकी बाई कामाला वाघीण. कपाशी वेचायला बसली की तिची पात सगळ्यात पुढं, आणि थट्टेत तिचा हात कोणी धरू शकत नसे. पण मयताच्या घरी जायची वेळ आली की ती पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी राहायची. रडणाऱ्या बायांना शेवटी पाणी पाजणारी कोणीतरी लागतेच.

तिला रडता का येत नव्हतं ते तिनं तांड्यात कुणाला सांगितलं नव्हतं. सून उज्ज्वलाला ते कळलं ते या वर्षीच्या उन्हाळ्यात. त्याला कारण झाला धनंजय इजारदार.

ओढ्याच्या अलीकडचं सगळं रान एके काळी इजारदारांचं होतं. इजारा, म्हणजे सरकारकडून घेतलेला जमिनीचा मक्ता, कायद्यानं गेला, जमीन वाटली गेली, म्हातारे मालकही गेले. राहिली ती एक दगडी कोठी आणि तिच्यामागची घोड्यांची पागा. मालकांचा नातू धनंजय पुण्यात नोकरी करून कंटाळला आणि परत आला. पागेच्या जागी त्यानं छोट्या छोट्या कुट्या बांधल्या, झाडांना झोके टांगले आणि शहरातल्या लोकांना चार दिवस राहायला बोलावू लागला. माणूस वाईट नव्हता. तांड्यातल्या पोरींना त्यानं स्वयंपाकाला ठेवलं, वेळेवर पगार दिला, कुणाला अरेतुरे केलं नाही.

तोच धनंजय एका सकाळी तांड्यात आला आणि सुखीबाईच्या अंगणात खाटेच्या कडेवर अवघडून बसला. उज्ज्वलानं चहा आणून दिला. तो चहा त्याच्या हातातच निवत चालला.

"आजी, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही लहानपणी आमच्या कोठीवर आला होतात का? आईबरोबर?"

सुखीबाई तांदूळ निवडत होती. तिचं बोट सुपात थांबलं.

"कोणं सांगतलं?"

"पंप दुरुस्तीला महागावहून अन्सारभाई आले होते, त्यांनी. त्यांचे आजोबा आमच्या पागेत सईस होते. ते म्हणाले, हा आवाज पंपाचा नाही, तांड्यात जाऊन विचारा."

"कायचा आवाज?" उज्ज्वलानं विचारलं.

धनंजय थोडा हसला. ते हसू ओठांवरच राहिलं. "भर दुपारी येतो. पागेसमोर आमच्या आजोबांच्या घोडीची समाधी आहे, तिथून. आधी मला वाटलं पाइपात हवा अडकली असेल. पाइप बदलले. मग वाटलं घुबडं असतील. पण कुणीतरी बाई सुरात रडते आहे असं पाहुणे सांगतात. एक बाई तर सामान न घेताच निघून गेल्या. परवा स्वयंपाकाच्या पोरीही आल्या नाहीत."

"मंग आमच्या याडीनं काय कराव?" उज्ज्वलाचा आवाज चढला. घरात ती सासूला याडी म्हणे, आईला म्हणतात तसंच.

"अन्सारभाई म्हणाले, हे रडणं तांड्याचं आहे, तांड्याच्या बाईनंच ते शांत करावं. म्हणजे, तुम्ही एकदा यावं अशी विनंती होती. मी गाडी पाठवतो."

सुखीबाईनं सूप बाजूला ठेवलं. "चहा घ्या भाऊ, थंडा झाला," ती म्हणाली. "मी नाई येत."

धनंजय गेला. उज्ज्वला त्याच्या गाडीच्या धुरळ्याकडे पाहत म्हणाली, "बरं केलं. रडाले काय आपण भाड्यानं भेटतो?"

"भाड्यानं कधी भेटलोच नाई," सुखीबाई म्हणाली. "फुकटच जात होतो."

आणि त्या दुपारी, दार लोटून घेऊन, तिनं सुनेला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

इजारदारांच्या घरात मयत झालं की तांड्याच्या बायांना रडायला जावं लागे. ती वेठच होती. लाकडं फोडायची वेठ, गवत कापायची वेठ, तशी रडायची. मालकांच्या घरच्या बाया मोठ्यानं रडत नसत, ते त्यांच्या घराण्याला शोभत नसे. म्हणून कारभारी यायचा, बाया मोजून न्यायचा आणि मालकाच्या ओसरीखाली बसवायचा. सुखीची आई, मानीबाई, तिचा आवाज असा होता म्हणे की रानातली ढोरंही माना वर करत. म्हणून तिला कधी सुट्टी नसे.

सुखी तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिच्या पाठचा भाऊ नुकता चालायला लागला होता, तीन पावलं टाकायचा आणि बसायचा. त्याला ताप चढला. दोन दिवस उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मानीबाई त्याला पदरात गुंडाळून रस्त्यावर उभी राहिली, कारण मालकाची मोटार पुसदला जाणार होती. पुसदला दवाखाना होता. मोटार का जात होती, तर मालकाची लाडकी घोडी गुलनार आदल्या रात्रीपासून अडली होती आणि तिच्यासाठी ढोरांचा डॉक्टर आणायचा होता. जाताना मोटार रिकामी होती. मानीबाईनं हात जोडले. कारभाऱ्यानं खिडकीतून पोराकडे पाहिलं आणि म्हणाला, "ज्या गाडीत गुलनारचा डॉक्टर बसून येईल, त्यात हे तापलेलं पोट्टं बसवू? मालक चामडं सोलतील माझं." मोटार निघून गेली. धूळ खाली बसायच्या आतच पोरगं गेलं. रस्त्यावरच, आईच्या खांद्यावर.

डॉक्टर आला, पण घोडीही वाचली नाही. दुपारी कारभारी तांड्यात हजर. पोराला अजून माती दिली नव्हती. तांड्याचा नाईक म्हणाला, मानीला राहू द्या, बाकीच्या येतील. कारभारी म्हणाला, "तिलेच आणा म्हणतात मालक. दुसरी कोणी नको."

"आणि गेली?" उज्ज्वलानं विचारलं.

"न जाऊन? उद्या तांडा उठवला असता त्याईनं," सुखीबाई म्हणाली. "मले बोटाले धरून नेलं. पोरगं घरात, फडक्याखाली."

पागेसमोर घोडी पडली होती, अंगावर लाल शाल. मालक वेताच्या खुर्चीवर बसले होते. बायांना सांगितलं, गुलनारचं नाव घेऊन रडा. घोडीसाठी कसं रडायचं ते कुणालाच येईना. एकमेकींच्या तोंडाकडं पाहायला लागल्या. तेव्हा मानीबाईनं सूर धरला. तुझा दाणा तसाच राहिला गं गुलनार, तुझं पाणी तसंच राहिलं. मग पुढची ओळ आली. तुझे पाय अजून रस्त्याला लागले नव्हते गं गुलनार, तुझी पावलं अजून मोजकीच होती.

बायांना कळलं ती कुणासाठी रडते आहे. मालकांनाही ओळ आवडली. त्यांना वाटलं, घोडीच्या पोटातच मेलेल्या शिंगरासाठी ही बाई काय गोड बोलते आहे. ते पुढे वाकून म्हणाले, "ते पायाचं. ते परत म्हण."

तिनं परत म्हटलं.

"परत."

सुखीबाईनं सुनेला एवढंच सांगितलं की तिची आई ती ओळ ऊन कलेपर्यंत म्हणत होती. मालक खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते, मग त्यांची मान कलली, मग नोकरानं त्यांना हळूच आत नेलं. "बस कर" असं कुणी म्हटलं नाही. अंधार पडायच्या बेतात बायांनी मानीबाईला बखोटीला धरून उठवलं, तरी तिचे ओठ हलत होते. घरी येऊन तिनं पोराला माती दिली. तेव्हा तिच्या घशातून हवासुद्धा निघाली नाही. बायांनी गळ्यात हात टाकले, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. ती म्हणाली, "होतं ते तिथं सांडलं. आता कुठून आणू?" त्या पोरासाठी कुणी रडलंच नाही. आणि त्यानंतर आईच कधी रडली नाही म्हणून सुखीनं सूर शिकला नाही.

उज्ज्वलानं विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"तेच तर," सुखीबाई म्हणाली. "मी त्याले वीराच म्हणत जाय. भाऊ म्हणून. नाव काई आठवत नाई. सांगणारं कोणी राह्यलं नाई. घोडीचं नाव मातर दगडावर कोरेल हाय, आता बी पाहून घे."

विषय तिथं मिटायचा, पण दोन दिवसांनी अन्सार आला. महागावात त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान, माणूस पन्नाशी उलटलेला, हात कायम ऑइलचे. मोटारसायकल अंगणात लावून तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"मावशी, नाराज नको होऊ. तुझं नाव मीच सांगितलं."

"सांगतलं ना आता. मग काय माफीनामा घिऊन आला?"

"नाही. एक गोष्ट त्या धनंजयभाऊला नाही सांगितली, तुलाच सांगतो." त्यानं आवाज उतरवला. "मी मशीनचा माणूस. आवाज ऐकून बेअरिंग सांगतो. म्हणून नीट कान देऊन ऐकलं. त्यात बोल आहेत मावशी. एकच ओळ आहे. येते, थांबते, दम घेते, परत तीच येते."

सुखीबाईनं हातातला पितळी गडवा हळूच खाली ठेवला.

"काही समजलं?"

"तुमची बोली मला थोडी समजते. पायाचं काही आहे. आणि नाव येते. गुलनार."

अन्सार निघून गेल्यावरही ती तशीच बसून राहिली. आई मरून कितीतरी वर्षं झाली होती. सुखीबाईला वाटत होतं की सगळं तिच्याबरोबर सरणावर गेलं. आणि इथं आई अजून त्या पागेसमोर बसून होती. परत म्हण म्हटलं होतं म्हणून परत म्हणत होती, आणि अजूनही आपल्या पोरासाठी नाही, घोडीसाठी.

"मी जातो उद्या," तिनं उज्ज्वलाला सांगितलं.

"याडी, त्याच्या आज्यानं बोलावलं तं तुई माय गेली. आता नातवानं बोलावलं तं तू चालली. काय फरक पडला?"

"मी त्याच्यासाठी नाई जाऊन राह्यली. मायले आणाले जाऊन राह्यली."

"गाडी पाठवतो म्हणे."

"त्याच्या घरची मोटार आमच्या नशिबात नाई. पायी जाईन."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा ऊन असं तापलं होतं की ओढ्याच्या गोट्यांवर पाय ठरत नव्हता. उज्ज्वला संगं येत होती, सुखीबाईनं तिला फाटकाशीच थांबवलं. कोठीमागच्या आवारात झोके लोंबत होते आणि त्यांच्यावर कोणी नव्हतं. पांढऱ्या चुन्याच्या समाधीवर घोडीचं डोकं कोरलेलं, खाली नाव, आणि पाहुण्यांना फोटो काढता यावा म्हणून समोर एक बाकडं ठेवलेलं. अन्सार सावलीत उभा होता. धनंजय हात मागे बांधून येरझाऱ्या घालत होता.

"आजी, बसा ना बाकावर."

"खालीच बरं," म्हणत सुखीबाई जमिनीवर बसली.

आधी काही नव्हतं. मग कोठीच्या कोंबड्या उकरायच्या थांबल्या. कडुनिंबावर होले घुमत होते, ते थांबले. मग दाराची बिजागरी कुरकुरावी तसं काहीतरी आलं, लांबलं आणि सुरात बसलं. आवाज समाधीतून येत नव्हता. समोरच्या मोकळ्या जमिनीतून येत होता, त्या दिवशी बायांना बसवलं होतं त्या जागेवरून, माणूस मांडी घालून बसल्यावर तोंड जेवढ्या उंचीवर येतं तेवढ्या उंचीवरून. तुझे पाय अजून रस्त्याला लागले नव्हते गं गुलनार. मग श्वास. तो श्वास सुखीबाईनं ओळखला. आई ओळ संपली की नाकातून नाही, दातांच्या फटीतून हवा ओढायची, चटका बसल्यासारखी.

पुन्हा तीच ओळ. पुन्हा श्वास. आवाजात दुःख उरलं नव्हतं. जात्यातला दाणा संपला तरी कुणी ओढत राहावं, तसं ते चाललं होतं.

"दरवेळी असंच," धनंजय पुटपुटला. "काय म्हणते ती?"

सुखीबाईनं त्याला सांगितलं. सगळं नाही, मोटारीचं नाही, फक्त खुर्चीचं. "तुमच्या आज्यानं परत म्हण म्हटलं. आणि झोपून गेले. बस कर म्हणाचं राह्यलं."

धनंजयचा चेहरा पडला. तो समाधीकडं पाहत राहिला. मग त्याला एक सुचलं, चांगल्या मनानंच सुचलं. तो दोन पावलं पुढं झाला, हात जोडले आणि त्या मोकळ्या जागेकडं पाहून म्हणाला, "बस करा. पुरे झालं आता."

आवाज तुटला. ओळीच्या मध्यावर, नावापर्यंतही न जाता, दोर कापल्यासारखा तुटला.

अन्सारनं मान खाली घातली. धनंजयनं सुटकेचा श्वास सोडला आणि सुखीबाईकडं वळला, काहीतरी चांगलं बोलणार होता, पण तिचं तोंड पाहून थांबला. घोडीच्या वेळी ती लहान होती, तेव्हा तिला भीती वाटली होती. आज जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. आई मेली, जळाली, तिची राख पूस नदीच्या पाण्यात गेली, तरी मालकाच्या घरचा माणूस बस म्हणाला की ती बस होत होती. तोंड उघडं टाकून, हुकमाची वाट पाहत, ती तिथं बसली असेल.

"थांबलं ना आजी?" धनंजय म्हणाला. "झालं ना?"

"तुमचं झालं," सुखीबाई म्हणाली.

ती गुडघ्यावर हात टेकून पुढं सरकली, जिथून आवाज येत होता तिथवर. दोन्ही हात उचलून तिनं हवेत एका गळ्याएवढी जागा ठेवून बांधले. उन्हानं पोळलेल्या दुपारी तिच्या दंडांना गार लागलं, ओल्या पातळाचं लागतं तसं. तिला सूर येत नव्हता. घोगऱ्या, बेसूर आवाजात, म्हाताऱ्या शेळीसारखी ती सुरू झाली. तुझे पाय अजून रस्त्याला लागले नव्हते रे वीरा. आणि थांबून तिनं वाट पाहिली.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या कानाशी कुणीतरी दातांच्या फटीतून हवा ओढली.

"चाल घरी, याडी," सुखीबाई म्हणाली आणि उठली.

फाटकाशी उभ्या असलेल्या उज्ज्वलानं सासूला येताना पाहिलं. ती रडत येत होती, मोठ्यानं, पदर डोक्यावरून घसरलेला, चालण्याचं भान नाही. उज्ज्वलानं तिला धरलं. ओढा ओलांडेपर्यंत तिला वाटत होतं की सासूच्या ओळी ओढ्याच्या काठावर आपटून परत येत आहेत. ओढा मागं पडला, पुढं उघडं शेत होतं, तरी प्रत्येक ओळीची दुसरी ओळ मागून येतच होती. उज्ज्वलानं मागं वळून पाहिलं नाही. तांड्यात तसं कुणी शिकवत नाही, पण काही गोष्टी न शिकवता कळतात.

तांड्यात बाया दारात आल्या. सुखीबाई रडते आहे हे त्यांना खरं वाटेना. हंसाबाई आता पार वाकली होती, तरी काठी टेकत सगळ्यात पुढं आली, अंगणात बसली आणि काही न विचारता सुखीबाईच्या गळ्यात हात टाकून तिनं सूर उचलला. मग दुसरी बसली, तिसरी बसली. तरण्या बायांना ते रडणं येत नव्हतं. त्या कडेनं उभ्या होत्या.

"बस, उज्ज्वला," सुखीबाई श्वासाच्या मध्ये म्हणाली.

"मले येत नाई, याडी. आणि नाव कोणतं घेऊ?"

"वीराच म्हण. माहा वीरा तो तुहा बी."

उज्ज्वला बसली. तिनं सासूच्या गळ्यात हात टाकले, डोळे मिटले आणि जमेल तसं म्हणू लागली, पायाचं, रस्त्याचं, ज्या मोटारीत जागा होती तिचं. कुणाला काय वाटेल ते विसरली. थोड्या वेळानं मागून एक हात तिच्या मानेवर आला, मग दुसरा. कुणीतरी पाठीशी बसून तिला गळामिठी घातली होती. हात हाडकुळे होते, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले, जुन्या बाया घालत तसल्या. शेजारची पुष्पा असेल असं उज्ज्वलाला वाटलं. पण मग तिनं डोळे उघडले, आणि पुष्पा समोर पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. तिची मनगटं मोकळी होती.

उज्ज्वला हलली नाही. मागच्या बाईचं रडणं आता कुठं सुरू होत होतं. पहिल्यांदाच रडावं तसं ते येत होतं, शब्दांवाचून, हुंदक्यांनी, सूर मोडून. ती मान ताठ धरून बसली, म्हणजे मागच्या बाईला टेकायला आधार राहील.